बेट, खिंड, खाडी वगैरे

‘चारही बाजूंनी पाण्याने वेढलेल्या भूभागास बेट म्हणतात.’ मराठी शाळेत शिकलेला आणि हे वाक्य पाठ नसलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. लग्नाच्या पंगतीत, एस.टी.च्या रांगेत, कुठेही कुणालाही विचारा. समोरचा माणूस क्षणभर ताठ उभा राहतो आणि चौथीतल्या सुरात हे वाक्य म्हणून दाखवतो. पुढचेही येते. तीन बाजूंनी पाणी असेल तर द्वीपकल्प. दोन मोठ्या भूभागांना जोडणारी चिंचोळी जमीन ती संयोगभूमी आणि दोन समुद्रांना जोडणारा चिंचोळा पाण्याचा पट्टा ती सामुद्रधुनी. उदाहरणार्थ पनामा, उदाहरणार्थ पाल्क. गुण दोन.

मी पस्तीसएक वर्षे हा धडा शिकवला. आधी राजापूर तालुक्यात, मग शिरूरकडे आणि शेवटची काही वर्षे मुंबईच्या उपनगरात. तिन्हीकडे पुस्तक तेच, व्याख्या त्याच. पण ‘बेट’ म्हटल्यावर मुलांच्या डोळ्यांसमोर जे उभे राही ते तिन्हीकडे निराळे.

राजापूरच्या मुलांना बेट माहीत होते, फक्त ती त्याला बेट म्हणत नव्हती. खाडीतल्या बेटाला तिकडे जुवे म्हणतात. जैतापूरच्या खाडीत त्या नावाचे एक गावच आहे आणि गोव्यात मांडवीच्या पात्रातल्या एका बेटाचे नावही जुवें. त्यामुळे ‘बेट म्हणजे जुवे’ एवढे सांगितले की धडा संपला. शिरूरला मात्र पहिल्याच तासाला एक मुलगा उठून म्हणाला, ‘‘सर, आम्ही बेटातलेच की.’’ घोड आणि कुकडी या दोन नद्यांच्या मधल्या गावांना त्या तालुक्यात ‘बेट भाग’ म्हणतात. पाणी दोनच बाजूंना, चार नव्हे. पुस्तकाप्रमाणे तो दुआब, म्हणजे दोन पाण्यांमधला प्रदेश. हा शब्द फारसीतून आलेला. पण पिढ्यान्‌पिढ्या ज्या गावांना सगळे बेट म्हणतात त्यांना मी व्याख्येचा दाखला देऊन बेटाबाहेर काढणार कसा? शिवाय त्याच वर्गात एका मुलीच्या मते बेट म्हणजे बांबूचे. तेही बरोबरच. बांबूच्या दाट पुंजक्याला आपण बेटच म्हणतो. सपाट रानात तो पुंजका सुटा, वेगळा उभा असतो. समुद्र न पाहिलेल्या माणसाने बेटाची कल्पना करायची तर यापेक्षा चांगला नमुना शोधून सापडणार नाही.

आणि मुंबईची मुले? ती बेटावर राहत होती आणि त्यांना बेट म्हणजे अंदमान वाटे. साष्टीचे बेट उत्तरेला वसईच्या खाडीने, पूर्वेला ठाण्याच्या खाडीने, पश्चिमेला समुद्राने वेढलेले आहे. विरारला जाताना, वाशीला जाताना, कळव्याला जाताना गाडी पुलावर येते आणि चाकांचा आवाज बदलतो, तेव्हा आपण बेट सोडत असतो. रोज आठ-दहा लाख माणसे हातात पेपर नाहीतर फोन धरून बेटावर येतात-जातात, असे मी वर्गात म्हणालो तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, ‘‘सर, मग कस्टम नाही लागत?’’ (आकडा माझ्या अंदाजाचा, तो परीक्षेत लिहू नका, असेही मी त्यांना बजावले होते.)

याच मुलांना घेऊन एकदा अलिबागला सहल नेली. ओहोटी होती, म्हणून कुलाब्याच्या किल्ल्यात ओल्या वाळूवरून चालत गेलो. परतायला उशीर झाला तेव्हा पाणी चढू लागले होते. एका मुलीने विचारले, ‘‘सर, भरतीला हे बेट असतं. मग आत्ता आपण चालत आलो तेव्हा काय होतं?’’ भूगोलाच्या शिक्षकाला आयुष्यात असा प्रश्न दोन-चारदाच मिळतो. दिवसातून दोनदा बेट होणारी आणि दोनदा बेटपण सोडणारी जागा कोणत्या व्याख्येत बसवायची? मी तिला सांगितले की, हा किल्ला बांधणाऱ्यांना त्या अर्धवटपणाचाच उपयोग होता. रसद आणायला वाळू आणि शत्रूला अडवायला पाणी. जाता जाता मुरुडच्या जंजिऱ्याचीही गोष्ट सांगितली. ‘जंजिरा’ हे अरबीतल्या ‘जझीरा’चे मराठी रूप आणि जझीरा म्हणजे बेट. म्हणजे आपण ‘जंजिरा बेट’ म्हणतो तेव्हा ‘बेट बेट’ म्हणत असतो. मुलांना ते फार आवडले. परतीच्या वाटेवर बसमध्ये तेवढेच चालले होते.

पाठ्यपुस्तकाची टर उडवायचा माझा हेतू नाही. उलट पुस्तकातल्या पारिभाषिक शब्दांवर माझे प्रेम आहे. ‘द्वीपकल्प’च पाहा. संस्कृतात शब्दाच्या शेवटी ‘कल्प’ लागला की ‘जवळजवळ तसा’ असा अर्थ होतो. मृतकल्प म्हणजे मेल्यातच जमा झालेला. तेव्हा द्वीपकल्प म्हणजे जवळजवळ बेट, बेट व्हायला थोडक्यात चुकलेली जमीन. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचाही नेमका हाच अर्थ आहे. ‘सामुद्रधुनी’तली धुनी म्हणजे नदी. समुद्राची नदी! पायधुनीतली धुनी निराळी, तिथे पाय धुवायचे असतात. मात्र हे शब्द फोडून दाखवावे लागतात. तसे न करता ते पाठ करायला लावले तर मुलाला द्वीपकल्प हे राक्षसाचे नाव वाटते आणि सामुद्रधुनी ही त्याची बहीण.

खरी गंमत पुस्तकाबाहेरच्या शब्दांत आहे. मराठी माणसाने डोंगराला अंग दिले आहे. डोंगराला माथा असतो, खांदा असतो, पोट असते, कूस असते, पायथा असतो. मुख्य डोंगरापासून उतरत खाली आलेली लांबट धार म्हणजे सोंड. मधल्या सपाट टप्प्याला पदर म्हणतात. आरपार भोक असेल तर ते नेढे, सुईला असते तसेच. राजगडच्या बालेकिल्ल्याशेजारून सुवेळा माचीकडे गेलात की नेढे लागते. त्यात बसून वारा खाल्लेल्या मुलाला तो शब्द पुन्हा शिकवावा लागत नाही. कपार, घळ, नाळ, सुळका, कडा हे शब्द आपापल्या जागी नेमके आहेत. घळ म्हटले की शिवथरची आठवते, कडा म्हटले की हिरकणीचा.

इथे इतिहासाचे भूगोलावर मोठे उपकार आहेत. मराठी मुलाला ‘खिंड’ शिकवावी लागत नाही. ती त्याला बाजीप्रभूंनी शिकवलेली असते. १६६० च्या जुलैतली ती रात्र ऐकली की दोन डोंगरांमधली अरुंद वाट, तीतून एका वेळी फार माणसे जाऊ शकत नाहीत, म्हणून थोड्यांना पुष्कळांना रोखून धरता येते, हे सगळे मनात पक्के बसते. घोडखिंडीची पुढे पावनखिंड झाली. व्याख्या पाठ न करताही शब्द कळतो तो असा. माची, टोक, बुरुजाखालचा कडा, चोरवाट हे सारे किल्ल्यांनी शिकवले. पण किल्ले डोंगरावर, त्यामुळे आपल्या मुलांना डोंगराचे शब्द बरे येतात आणि पाण्याचे येत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

वाहत्या पाण्याच्या लहान प्रवाहाला रत्नागिरीकडे पऱ्या म्हणतात, मालवणी मुलखात व्हाळ, देशावर ओढा किंवा ओहळ आणि विदर्भात नाला. हा ‘नाला’ लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचे आहे. नदीतल्या खोल जागेला डोह, कोकणात कोंड. उन्हाळ्यात आटलेल्या पात्रात वाळू उकरून पाणी काढतात तो झिरा. जमिनीचा खोलगट उतार, जिथे पावसाचे पाणी गोळा होते, ते लवण. नदीकाठच्या गाळाची जमीन ती मळी. नदीचा काठ म्हणजे थडी, त्यावरून मुलूखच ओळखले गेले : भीमथडी, नीरथडी, गंगाथडी. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरची खोरी पुण्याजवळ मावळ झाली आणि जुन्नर-आंबेगावकडे नेर : कुकडनेर, मीननेर, घोडनेर, भीमनेर, भामनेर. नदीचे नाव घ्यायचे आणि पुढे ‘नेर’ जोडायचे. कोकणात समुद्राला लागून असलेली सखल पट्टी ती खलाटी आणि तिच्या पूर्वेचा चढता डोंगराळ भाग ती वलाटी. पूर्व विदर्भात गेलात तर लहान तळ्याला बोडी म्हणतात आणि भंडाऱ्याकडे मोठ्या तलावांना ‘मामा तलाव’. या मामाचा भाच्याशी काही संबंध नाही, माजी मालगुजारी तलाव असे सरकारी कागदावर लिहिता लिहिता त्यांचे ‘मा. मा.’ झाले. १८३१ साली प्रथम निघालेला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश कधी सवडीने चाळावा. त्या साहेबाने आणि त्याच्या शास्त्रीमंडळींनी जमिनीच्या चढउताराचे इतके शब्द गोळा केले आहेत की वाचताना पाय दुखू लागतात.

‘घाट’ या शब्दाची तर कहाणीच आहे. आपल्याकडे घाट म्हणजे डोंगर उतरायची वाट. नाणेघाट, बोरघाट, थळघाट, आंबाघाट. नाणेघाटात सातवाहनांच्या राणी नागनिकेचा लेख कोरलेला आहे, म्हणजे ही वाट किमान दोन हजार वर्षे चालती आहे. बाहेरच्या माणसांनी वाटेचेच नाव डोंगराला दिले आणि अख्खी रांग ‘पश्चिम घाट’ झाली. २०१२ साली ती याच नावाने जागतिक वारशाच्या यादीत गेली. कोकणातला माणूस ‘घाटावर गेला’ म्हणतो तेव्हा त्याला डोंगरापलीकडचा देश अभिप्रेत असतो. तिथून मुंबईत उतरलेल्या कष्टकऱ्याला ‘घाटी’ म्हणण्यात जो हेटाळणीचा सूर असे, तोही याच शब्दाच्या पोटातून आलेला. त्यात नदीच्या पायऱ्यांचा घाट वेगळा आणि भांड्याचा घाट आणखी वेगळा. एका शब्दावर एक तास सहज जातो. परीक्षेच्या दृष्टीने त्याचा उपयोग शून्य, हे कबूल.

शिकवायची माझी आवडती वेळ म्हणजे जूनमधला पहिला मोठा पाऊस. शाळेच्या कौलांवरून पागोळ्या पडायला लागल्या की मी वर्ग पडवीत उभा करी. पागोळ्यांखाली ओळीने खळगे पडतात. त्यांतून पाणी वाट काढते, आधी चिंचोळी खोल चर आणि मग रुंद होत जाणारे पात्र. दोन धारा एकत्र येतात तिथे संगम. मध्ये दगड आला तर पाणी फुटून पुन्हा मिळते, तेवढ्यात बेट तयार. अंगणाच्या सखल कोपऱ्यात डबके साठलेले असते. तिथे पोचल्यावर धारेचा वेग मोडतो, माती खाली बसते आणि पंख्यासारखा गाळ पसरतो. हा त्रिभुज प्रदेश. पंधरा मिनिटांत गोदावरी त्र्यंबकेश्वरापासून राजमहेंद्रीपर्यंत वाहून दाखवते. खरी गोदावरी त्यासाठी सुमारे १४६५ किलोमीटर चालते. अरबी समुद्र उगमापासून अवघ्या ऐंशीएक किलोमीटरवर असताना त्याच्याकडे पाठ फिरवून ती बंगालच्या उपसागराला जाते.

मग राजापूरची मुले विचारीत, आमच्या नदीला त्रिभुज प्रदेश का नाही? कोकणातल्या नद्या लहान, बहुतेक शे-दीडशे किलोमीटरच्या आतच समुद्राला मिळणाऱ्या. डोंगर कड्यासारखा तुटलेला, त्यामुळे पाणी घाईने उतरते. गाळ येतो तो भरती-ओहोटी हलवत राहते. शिवाय समुद्र नदीच्या मुखातून आत शिरलेला असतो. त्यामुळे नदी कुठे संपली आणि समुद्र कुठे सुरू झाला ते रेघ मारून दाखवता येत नाही. त्या मधल्या, खाऱ्या-गोड्या, चढत्या-उतरत्या पाण्याला खाडी हा शब्द आहे. खाडीच्या काठची भरतीने भिजणारी जमीन खाजण. गोव्यातल्या गावकऱ्यांनी खाजणांना बांध घातले, बांधात मानस नावाच्या झडपा बसवल्या आणि खारे पाणी बाहेर ठेवून भात घेतले. पेण-अलिबागचा खारेपाटही असाच बांध घालून पिकवलेला. शब्द आणि शेती तिथे बरोबरच वाढले.

शिरूरच्या मुलांना दाखवायला माझ्याकडे याहून मोठा तमाशा होता. कुकडीच्या पात्रात, निघोज आणि टाकळी हाजी या गावांच्या मध्ये, काळ्या कातळात रांजणखळगे आहेत. पुराच्या पाण्यात दगडगोटे भोवऱ्यात सापडून एकाच जागी गरगर फिरतात आणि कातळाला घासत खाली खाली जातात. हजारो वर्षांत घरातल्या रांजणाएवढे, काही ठिकाणी विहिरीएवढे खळगे होतात. रांजणखळगा हा पुस्तकातलाही शब्द आहे आणि कुणाही म्हातारीला न समजावता कळणारा आहे. सगळे पारिभाषिक शब्द असे झाले असते तर माझ्यासारख्यांची निम्मी नोकरी वाचली असती.

आता त्या नाल्याकडे येऊ.

विदर्भात नाला म्हणजे स्वच्छ पाण्याचा ओढा, त्यात गुरे पाणी पितात, पोरे पोहतात. मुंबई-पुण्यात नाला म्हणजे गटार. शब्द एकच, पण शहरात येताना त्याची जात बदलली. एखाद्या नदीला एकदा नाला म्हटले की पुढची सगळी कामे सोपी होतात. त्यात काय टाकावे, त्याच्यावर काय बांधावे याचा फारसा विचार करावा लागत नाही. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याचे पाणी घेऊन सुमारे अठरा किलोमीटर वाहत माहीमच्या खाडीला मिळणारी मिठी ही नदी आहे, हे पुष्कळ मुंबईकरांना २६ जुलै २००५ रोजी कळले. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. माझ्या वर्गातल्या मुलांची घरे तीन दिवस पाण्यात होती. शाळा पुन्हा भरली तेव्हा मी नकाशावर मिठीवर बोट ठेवून विचारले, ‘‘हे काय?’’ तर पन्नास मुलांपैकी बहुतेकांनी ‘नाला’ असेच उत्तर दिले. तीन दिवस घरात नदी घेऊन बसलेली मुले! पुण्याचा आंबील ओढा निदान नावाने तरी ओढा राहिला होता. पेशवाईत त्याचा प्रवाह वळवला गेला होता. पुढे त्याच्या काठाने वस्त्या आणि सोसायट्या त्याला खेटत गेल्या. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तो भिंती पाडत घरांत शिरला आणि अनेकांचे प्राण गेले. दुसऱ्या दिवशी बातम्यांत लोक म्हणत होते, इथे ओढा आहे हे आम्हाला माहीतच नव्हते. जागा घेताना जाहिरातीत बहुधा ‘निसर्गरम्य परिसर’ लिहिलेले असावे.

मुंबईच्या जुन्या भागात तर नावे शिल्लक आहेत आणि वस्तू गेल्या आहेत. डोंगरी, पायधुनी, उमरखाडी, चिंचबंदर ही ठिकाणे एकमेकांना लागून आहेत. टेकडी होती, खाडी होती, खाडी ओलांडून आल्यावर पाय धुवायची जागा होती, बंदर होते. सात बेटे भरून एक झाली. वरळीचा बांध अठराव्या शतकाच्या अखेरीस पुरा झाला, माहीमचा १८४५ साली. त्यानंतर ही नावे फक्त पत्त्यात राहिली. गंमत म्हणून नव्हे, तर पाणी कुठे साचते हे पाहण्यासाठी कधीतरी मुंबईच्या बसथांब्यांची यादी वाचावी. तळी गेली, ‘तलाव’ आणि ‘टँक’ राहिले. उलट नव्या इमारतींची नावे पाहा : हिल व्ह्यू, लेक साइड, रिव्हर व्हॅली. जिथे टेकडी फोडली तिथे हिल व्ह्यू, तळे बुजवले तिथे लेक साइड.

कोकणातला सडाही असाच. जांभ्या दगडाचा विस्तीर्ण सपाट माथा, त्याला सडा म्हणतात. उन्हाळ्यात तो तव्यासारखा तापतो, झाड नाही, झुडूप नाही. सातबाऱ्यावर पाहिले तर अशी जमीन पोटखराब्यात. पण पावसात त्याच सड्यावर पाण्याची डबकी भरतात, इवल्या फुलांचे गालिचे होतात, माणसे कातळावर मूठभर मातीत भात-नाचणी काढतात. मुरलेले पाणी पायथ्याच्या गावांच्या विहिरींना मिळते. आणि त्याच कातळावर कुणी तरी कोरून ठेवलेले हत्ती, मासे, माणसे आहेत. उक्षी, कशेळी, बारसू, कुडोपी इथली ही कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. मी राजापुरात होतो तेव्हा गुराखी पोरे मला ती दाखवीत. कागदावरच्या ‘पोटखराबा’ या एका शब्दात फूल, पाणी, हत्ती यांतले काहीच मावत नाही.

आणि ‘दरड’. हा शब्द आपण आता एकाच क्रियापदाबरोबर वापरतो : कोसळली. दरड म्हणजे डोंगराचा तुटका, उभा उतार. ती कोसळत नसते तेव्हाही तिथे असते, हे आपण विसरलो. सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर साचून झाला आहे, म्हणून त्याला जिन्यासारख्या पायऱ्या आहेत. उभा कडा, मग सपाट पदर, पुन्हा कडा. माणसे वस्ती करतात ती पदरावर, कारण तिथे माती असते, पाणी असते, चार भाताची खाचरे होतात. कड्याखाली साचलेली माती मात्र मोकळी असते. अतिवृष्टीत ती पाणी पिऊन जड होते आणि निसटते. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणमध्ये १५१ माणसे गेली. मग २०२१ साली तळीये, २०२३ साली इर्शाळवाडी. माळीण झाले तेव्हा शिरूरचे माझे काही जुने विद्यार्थी मदतीला गेले होते. एकाने परत आल्यावर सांगितले, ‘‘सर, घोडनेर पाठ केलं होतं. पण त्याच्या टोकाला कोण राहतं ते पहिल्यांदाच पाहिलं.’’

माझी नात इंग्रजी शाळेत जाते. आयलंड, पेनिन्सुला, इस्थमस तिला सगळे येते, उच्चारही माझ्याहून बरे. कर्जतच्या पुढे गाडीतून बोट दाखवून तिने विचारले, ‘‘आजोबा, हा हिल आहे की माउंटन?’’ मी म्हटले, ‘‘डोंगर.’’ ‘‘पण हिल की माउंटन?’’ हा प्रश्न मराठीत पडत नाही, कारण डोंगर मोजून डोंगर ठरत नाही. पुण्याची पर्वती, नावात पर्वत असूनही, टेकडी आहे, आणि कोणी तिला विचारायला गेलेले नाही. मी तिला म्हटले, ती बघ सोंड, तो पदर, ती वरची धार. कसाऱ्यापर्यंतचा नव्हे, खंडाळ्यापर्यंतचाच प्रवास, पण बोगदे संपेपर्यंत तिने मोजून अकरा सोंडा दाखवल्या. भाषा कोणती याबद्दल माझी तक्रार नाही. तिने खिडकीबाहेर बघितले, मला तेवढे पुरे.

मुंबईच्या शाळेतल्या शेवटच्या वर्षी मी सातवीच्या वर्गाला गृहपाठ दिला होता. घरातल्या सगळ्यांत वडील माणसाला विचारा, तुमच्या गावातल्या जमिनीची आणि पाण्याची नावे सांगा. आठवडाभरात फळा भरला. साताऱ्याचे लवण, बीडचे बरड, चंद्रपूरची बोडी, मालवणचा व्हाळ. बिहारहून आलेल्या एका मुलाने ‘दियारा’ आणला : गंगेच्या पात्रातली गाळाची जमीन, पुरात जाते, पूर ओसरला की वर येते. त्याचे आजोबा तिच्यावर कलिंगडे लावीत. सांगलीच्या मुलीने लगेच ओळखले, ‘‘आमची मळीच की.’’

एका मुलीचे सगळे घराणे तिथलेच, आगरी. तिची आजी नात काय लिहून नेते ते पाहायला शाळेत आली. मी तिला खुर्ची दिली, तर ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. शाळेच्या मागे सिमेंटने बांधलेला नाला होता, त्याच्यावर पांढऱ्या रंगात क्रमांक घातलेला. ती म्हणाली, ‘‘हा नाला नाही, खाडीचा फाटा आहे. माझी आई इथे निवट्या धरायची.’’ मुलांना निवट्या म्हणजे काय ते तिने हातवारे करून सांगितले, चिखलावर उड्या मारणारा मासा. मग तिने तिथीचा हिशेब सांगितला. अष्टमीला भांग, तेव्हा पाणी सुस्त, भीती नाही. पुनवेला आणि अवसेला उधाण, आणि त्यात वरून पाऊस असला तर पाण्याला बाहेर जायला वाट नसते, ते मागे फिरते. ‘‘श्रावणातल्या उधाणाला पाणी कुठपर्यंत यायचं?’’ मी विचारले. तिने खिडकीतून खाली पाहिले आणि ग्रंथालयाच्या दाराकडे बोट केले.

मुख्याध्यापिकाबाई बाजूलाच उभ्या होत्या. त्यांनी शिपाईमामांना बोलावले आणि त्याच दुपारी ग्रंथालयातले खालचे दोन कप्पे रिकामे करून पुस्तके वरच्या मजल्यावर नेली.